तिखटमिठाचा नैवेद्य

"गुरुजी, देवाले रोज गोडच लागते काय हो? एखांद्या दिवशी मुंगाची खिचडी चालत नाई त्याले?"

देवळाच्या स्वयंपाकघरात डाळ निवडता निवडता रत्नामावशींनी विचारलं. यशोधन गुरुजी दारातच थबकले.

मावशी मूळच्या अकोल्याकडच्या. नातवंडं सांभाळायला अमेरिकेत मॉरिसव्हिलला आल्या. नातवंडं मोठी होऊन इंग्रजी झाडायला लागली, मावशी देवळाच्या शेगडीशी रमल्या. बोली मात्र तीच. बरं झालं.

गेल्या हिवाळ्यात बर्फ पडून वीज गेली. घरोघरच्या विजेच्या शेगड्या गार. देवळात गॅस, म्हणून म्हातारी माणसं तिथं मुक्कामाला आली. रिकाम्या हातानं देवळात कोण येतं? सगळ्यांनी पेढे-लाडू आणले. मावशींनी पातेलंभर शिरा केला. सकाळी तोच, संध्याकाळी तोच. प्रतापकाकांना साखरेचा आजार. ते नको म्हणाले, तर मावशींनीच दटावलं, "प्रसादाले नाई म्हनता? घ्या मुकाट्यानं!" दुसऱ्या दिवशी काकांना अ‍ॅम्ब्युलन्समधून न्यावं लागलं. वाचले. पण त्यांच्या बायकोनं, रेखाकाकूंनी सांगून टाकलं, "पुन्हा वीज गेली तर घरीच गारठू. देवळात येणार नाही."

ते मावशींना लागलं होतं.

आता शनिवारी देवळात तशा प्रसंगाची रंगीत तालीम होती. रवींद्र डॉक्टरांनी जनरेटर आणला, खाटा मांडल्या, इन्सुलिनसाठी फ्रिज लावला. जेवणाचं मावशींकडे.

"नुसती खिचडी ठेवली त लोक ती सोडून शिराच मागतीन," मावशी म्हणाल्या. "प्रसाद म्हनून द्या, मंग खातीन."

"अहो, पण नैवेद्याला गोड नको?"

"गुळाचा खडा ठेवा त्याच्यापुढं. त्याले पचते. प्रतापभाऊले नाई पचत."

गुरुजींना हसू आवरेना. "बरं. पण कांदा-लसूण नाही."

"मुंगाच्या खिचडीत कांदा कोन टाकते, बापा?"

गुरुजी गेल्या गेल्या मावशींनी फोन लावला. "रेखा, शनिवारी भाऊले घेऊन ये. प्रसादाले खिचडी हाय."

"आणि शिरा?"

"नाई करत."

रेखाकाकूंनी बजावलं, "पुन्हा आग्रह केलास तर तिथून उठून जाईन हं, रत्ना."

"नाई करत म्हनलं ना!"

फोन ठेवून मावशींनी डाळीचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.