जिल्ह्यासाठी आणलेले मासे

आमच्या घराला समुद्राचे मासे हवे होते, कारण उदगीर जिल्हा होणार होता. हे ऐकून कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं. मी त्या घरात नांदले, मला येत नाही. एक मे जवळ आला की आता घोषणा होणार अशी आवई दरवर्षी उठायची. त्या आवईच्या भरवशावर माझ्या थोरल्या दिरांनी बसस्टँडजवळ लॉज बांधला. जिल्हा झाला की साहेब लोक येणार, मग ते उतरणार कुठे? साहेबांनी आत पाऊल टाकताच थक्क व्हावं म्हणून काउंटरमागे भिंतभर काचेची टाकी बसवली. साध्या माशांवर भावजींचं भागेना, समुद्राचेच आणले. नळाला पंधरवड्यातून एकदा पाणी येत होतं आणि आमच्या गल्लीत टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

नांदेडचा दुकानदार टाकी लावून, मीठ कालवून, मासे सोडून निघून गेला. मग प्रश्न पडला, हे सांभाळणार कोण? मी मुखेडची. नांदेडला होस्टेलवर राहून प्राणिशास्त्रात बीएस्सी केलेली. ती पदवी लग्नानंतर कपाटात साड्यांखाली पडून होती. थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही, ही आमच्या घरची रीत. मी समोर उभी असताना थोरले भावजी माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिला म्हणावं, मासे बघ. शिकलेली हाय ना."

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळचा स्वयंपाक उरकून लॉजवर जाऊ लागले. त्या घरात मला मिळालेलं ते पहिलं काम, ज्यात पीठ मळायचं नव्हतं. जाताना मी चांगली साडी नेसायची, हेही सांगून टाकते.

काम मला आवडलं आणि जमलंही. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि तीही फिल्टरच्या. फिल्टर जेवढं पाणी देतो त्याच्या दुप्पट फेकतो. ते फेकलेलं पाणी मी बादल्यांत धरून घरी आणायची आणि त्यात भांडी, फरशी, पायपुसणी सगळं निघायचं. थेंब वाया जात नव्हता. तरी सासूबाईंना वाटायचं की मी माशांना माणसांच्या तोंडचं पाणी पाजतेय.

एका मंगळवारी नारंगी पट्ट्यांचे मासे मला अंधूक दिसले. काच आतून पुसली, तरी तसंच. मग पांढऱ्या मगात पाणी घेऊन उजेडात धरलं. काचेवर शेवाळ असतं तर मगातलं पाणी स्वच्छ दिसलं असतं. ते हिरवट होतं, म्हणजे शेवाळ पाण्यातच होतं, डोळ्याला न दिसणारं. नांदेडच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, उजेड बंद करा. मी दिवे बंद केले, टाकीवर जुनी सतरंजी टाकली, थोडं पाणी बदललं, गाळणीचा स्पंज धुतला. आठवड्याच्या आत पाणी काचेसारखं झालं. मला इतका आनंद झाला की मी त्या रिकाम्या लॉजमध्ये एकटीच हसले.

पुढल्या मंगळवारी पुन्हा हिरवं.

आधी संशय टँकरच्या पाण्यावर गेला. फिल्टरमधून काही येत असेल म्हणून दोन काचेच्या बरण्या लॉजच्या गच्चीवर उन्हात ठेवल्या. एकीत फिल्टरचं पाणी, दुसरीत टाकीतलं. फिल्टरचं तसंच राहिलं, टाकीतलं गडद होत गेलं. म्हणजे खोट येणाऱ्या पाण्यात नव्हती, टाकीतच काहीतरी पडत होतं. मी नळी लावून तळाची वाळू उपसली. दगडामागून फुगलेला, पांढरा, आंबूस गोळा निघाला. बोटांत धरताच कळलं. ती कणीक होती, आणि मीच मळलेली.

दर सोमवारी सासूबाई माझ्या परातीतून नेमाची म्हणून मूठभर कणीक काढून घ्यायच्या. मला वाटायचं, गाईला देत असतील.

घरी आल्यावर विचारलं तर त्यांनी लपवलं नाही. "तळं आटलंय, तिथले मासे मेले. मग नेम मोडू का? सोमवारचा उपास सोडायच्या आधी लॉजवर जाऊन तुझ्या माशांना कणकेच्या गोळ्या घालते. जिल्हा होऊ दे म्हणून धरलाय. तुझ्याच दिराचं भलं व्हावं म्हणून. आणि तू डबीतलं ते वासाचं घालून राहिलीस. लिंगायताच्या घरचे मासे, त्यांनी का म्हणून वासाचं खावं?"

त्यांचा मला राग आला नाही. त्या बाईनं मनोभावे केलं होतं. मी समजावलं, "आत्याबाई, कणीक पाण्यात कुजते. त्याचं खत होतं. पिकाला खत घातल्यावर पीक माजतं, तसं हे शेवाळ माजतंय." त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

रात्री जेवताना थोरले भावजी माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिला म्हणावं, आईच्या नेमात नाक खुपसायचं न्हाई. कणकेनं कुठं पाणी हिरवं होतंय? आपण रोज खातो की! हिला जमंना, म्हणून आईवर ढकलून राहिली."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं दुसऱ्याच दिवशी त्या दोन बरण्या गच्चीवर जाऊन पाहिल्या असत्या तर सगळं मिटलं असतं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटाकडे बघत म्हणाला, "उद्यापासून जाऊ नको." वाढत होते मी. तशीच वाढत राहिले. पण त्या रात्री माझं त्या माणसावरून मन उडालं ते उडालंच.

मासे कसे मेले ते मी पाहिलं नाही. घरात कुणी विषय काढला नाही. एक मे आला आणि गेला, जिल्हा झाला नाही. साहेब आले नाहीत. थोरल्या भावजींनी टाकी घासूनपुसून लॉजच्या गच्चीवर नेली आणि तिच्यात टँकरचं पाणी साठवायला सुरुवात केली. चारी बाजूंनी काच, वर ऊन. पुढं काय होणार ते मला माहीत होतं.

एका दुपारी थोरले भावजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. नवरा घरात नव्हता. हातात पेला होता, पेल्यात हिरवट पाणी. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ते थेट माझ्याशी बोलले. "हे पाणी असं कशानं होतंय? काय करावं?"

मी पीठ मळत होते. टाकीवर टाकलेली ती जुनी सतरंजी आता घडी करून मी बसायला घेतली होती. तीच नेऊन पुन्हा टाकीवर टाकली असती तर पाणी हिरवं व्हायचं थांबलं असतं.

"आम्हाला काय कळतंय, भावजी," मी म्हटलं, आणि कणकेला पाण्याचा हात लावला.