सेलूची चौकशी

पेडगावात कुणाच्या पोरीला स्थळ आलं की पत्रिका नंतर, पाहुणचार नंतर; आधी माणूस जायचा तो वैजीनाथकडे. वैजीनाथ म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुता धुता रिटायर झालेला शिपाई, आणि गावातला एक नंबरचा संशयी माणूस. देवाच्या प्रसादाचाही आधी वास घेणार. बायकोनं, सुमनबाईनं, हातावर पेढा ठेवला तरी विचारणार, "कशाबद्दल?"

असला माणूस खरं तर गावानं ओवाळून टाकायचा. पण सोयरिकीच्या कामात त्याच्याइतका उपयोगाचा माणूस पंचक्रोशीत नव्हता. तो मुलाच्या गावी जायचा, पण मुलाच्या घरी नाही. घरी काय, सगळेच धुतल्या तांदळाचे. तो टपरीवर बसायचा, न्हाव्याकडं दाढी करायचा, शेजारणीला प्यायला पाणी मागायचा. संध्याकाळी मुलीच्या बापाच्या ओसरीवर येऊन उभ्या उभ्याच सांगायचा: पोरगा असा, पिणं असं, बोलणं असं, आणि खोट ही. खोट सांगितल्याशिवाय त्याची चौकशी संपायचीच नाही. "बिनखोटीचं स्थळ सांगणारा लबाड समजायचा," असं तो म्हणे. त्यानं मोडलेल्या सोयरिकीच्या पोरी, दुसरीकडं सुखानं नांदणाऱ्या, अजून त्याला दिवाळीचा फराळ धाडतात. आणि हा त्या फराळाचाही वास घेतो!

त्याच्या ओसरीवर एक कपाट होतं, त्याला गाव अजबखाना म्हणायचं. शाळेनं भंगारात काढलेली विज्ञानाची पुस्तकं त्यानं घरी आणून वाळवी झटकून वाचली होती, आणि पुस्तकांच्या शेजारी बरण्या. एकीत जोडवांगं, एकीत शेळीच्या पोटात निघालेला केसांचा गोळा, एकीत दोन शेपट्यांची पाल. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी: "नमुना". मधल्या फळीवर पेंढा भरलेली एक कोंबडी. ती गावातल्या धुरपताबाईची. कोंबडी अंडी द्यायची बंद होऊन कोंबड्यासारखी आरवायला लागली, तेव्हा गाव म्हणालं, अपशकुन, मान मुरगाळा. वैजीनाथ पुस्तक घेऊन चावडीवर भांडला होता, "निसर्गात असतं असं. तुमचं काय जातंय तिच्या आरवण्यात?" कोंबडी म्हातारी होऊन मेली. गावाला काही झालं नाही.

तर असा हा बाप. आणि त्याची पोरगी निकिता, पुण्यात नोकरीला. तिला स्थळं आली ती सगळी वैजीनाथनंच पाडली. पोरगी नको म्हणायची आणि बापाला खोट सापडायची, त्यामुळं दोघांचं छान जमायचं. पोरगी का नको म्हणती, हे मात्र जगावर शक घेणाऱ्या या माणसानं कधी विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. वैजीनाथचा चुलत पुतण्या परमेश्वर सरपंचपदाला उभा राहिला, निशाणी शिट्टी. दिवस उगवला की गल्लीत पोरांच्या शिट्ट्या सुरू. कोण कुणाच्या ओट्यावर बसलं, कोण कुणाच्या गाडीवर गेलं, याच्यावर नजर. आधीच संशयी माणूस, त्यात इलेक्शन. मर्कटाला मद्य पाजल्यागत झालं. परमेश्वरनं पुण्यातले मतदार आणायला जीप धाडली. तिच्यातून निकिता उतरली, आणि तिच्यामागून आणखी एक पोरगी.

"आबा, ही प्रियदर्शनी. माझ्या ऑफिसात हाय. खेड्यातलं मतदान बगायचं म्हणाली."

वैजीनाथनं प्रियदर्शनीला आपादमस्तक न्याहाळलं. पेडगावचं मतदान बघायला कोण येतं? इथले लोकच बघत नाहीत, बटण दाबतात आणि जेवायला जातात. हिचं मत इथं नाही, नातं इथं नाही. आणि पिशवीवर एक बिल्ला, रंगीबेरंगी पट्ट्यांचा. झेंड्यासारखा. एवढ्या झेंड्यांच्या गर्दीत हा झेंडा त्यानं पाहिला नव्हता.

"ह्यो कोन्त्या पार्टीचा?" त्यानं विचारलं.

प्रियदर्शनी हसली. "पार्टीचा नाही काका. आमच्या लोकांचा आहे."

आमच्या लोकांचा! झालं, वैजीनाथची खात्रीच पटली. कुठल्यातरी संघटनेची पोरगी, मतं फोडायला धाडलेली. आणि भोळी निकिता तिला घरात घेऊन आली. तो पाळतीवर बसला. पोरगी कुणाला फोन करती? कुणालाच नाही. कुणाच्या घरी जाती? कुठंच नाही. सुमनबाईजवळ बसून शेंगा फोडती, भाकरी थापायला शिकती. फोडणीचा ठसका वैजीनाथला सोसत नाही, हे तिला न सांगता ठाऊक, कढई चढवायच्या आधी येऊन म्हणाली, "काका, जरा अंगणात बसा." ही माहिती हिला पुरवली कुणी? आणि अजबखान्यापाशी तर ती तासभर रमली. केसांचा गोळा कसा होतो, पाल शेपटी का टाकते, सगळं विचारलं. एवढ्या वर्षांत त्या कपाटापाशी असं कुणी उभं राहिलं नव्हतं. वैजीनाथला लय बरं वाटलं, आणि म्हणूनच शक आणखी वाढला.

"सुमन, ही पोरगी गोड बोलून काहीतरी काढून घ्यायला आलीय."

सुमनबाई शेंगा पाखडत म्हणाली, "काय काढून घेणार? तुमची पाल?"

मतदानाच्या आदल्या दिवशी, दुपारी, परमेश्वर आला. गळ्यात शिट्टी, तोंड आंबट. दोघी पोरी आत होत्या. त्यानं मोबाइल वैजीनाथपुढं धरला. फोटो पुण्याचा, मोठा मोर्चा, तसल्याच पट्ट्यांचे झेंडे. मधे निकिता आणि प्रियदर्शनी, हातात हात.

"जीपमधल्या पोरानं दावला. काका, ह्या दोघी नवरा-बायकोवानी ऱ्हातेत तिकडं. विरोधकाच्या हाती ह्यो फोटो पडला तर माझं पॅनल झोपतंय. त्या पोरीला आजच गाडीत बसवा. निकिताला उद्या मागल्या दारानं नेऊन मत टाकून घिऊ." जाता जाता कपाटाकडं बघून त्यानं दात काढले. "बरण्या कशाला जमिवता, काका? खरा नमुना तर तुमच्या घरातच निघाला की!"

वैजीनाथनं कपाटाचं दार लावून घेतलं. मागं वळला तर दारात निकिता. तिनं सगळं ऐकलं होतं.

"खरं हाय का?" त्यानं विचारलं.

"खरं हाय."

"गुन्हा तर न्हाई न् हे?"

"न्हाई. कोर्टानं सांगितलंय, गुन्हा न्हाई. पन लग्न बी मानीत न्हाईत."

वैजीनाथ गडबडला. गडबडला की तो पुस्तकाकडं जायचा. त्यानं कपाटातलं जाड पुस्तक काढलं, पानं उलटली, बोट ठेवलं, "हे बग, निसर्गात असतं असं. जनावरात असतं, पाखरात असतं. त्या धुरपताबाईच्या कोंबडीचंच..."

"आबा!" निकिता अशी ओरडली की आतून सुमनबाई धावत आली. "मी कोंबडी न्हाई. मला बी बरणीत घालून वर चिठ्ठी लावताव का? तो परमेश्वरदादा नमुना म्हणला, तुमी पुस्तकातून तेच म्हणायलाव." मग तिचा आवाज उतरला. "समद्या गावाच्या पोरींना तुमचा आधार. अन् मलाच कळत नव्हतं, तुमी घरात ठिवताल का काढताल. म्हणून इतके दिवस बोलले न्हाई. आता उद्या सांजच्या गाडीनं जाते. पुन्हा या म्हणू नका."

ती आत गेली. वैजीनाथ पुस्तक धरून तसाच उभा. साऱ्या जगावर संशय घेतला, आणि पोटच्या पोरीनं संशय घेतला तो आपल्यावर! हे त्याला असं लागलं की रात्रीची भाकरी गोड लागली नाही.

सकाळी घर उठलं तेव्हा वैजीनाथ घरात नव्हता. तो सेलूच्या गाडीत बसला होता. प्रियदर्शनी सेलूची, एवढं त्याला तिच्याच तोंडून कळलं होतं. आपण का निघालो हे विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. पण घरात सोयरिकीचा विषय निघाला की त्याला एकच काम येत होतं, ते करायला तो निघाला होता.

सेलूत कापसाच्या जिनिंगसमोरच्या टपरीवर चहा घेतला, दाढी नुकतीच केलेली असून पुन्हा केली. घर सापडलं. घरात न जाता त्यानं शेजारच्या दारात पाणी मागितलं. पंचफुलाबाई नावाची म्हातारी तांब्या घेऊन आली.

"शेजारच्या प्रियदर्शनीची चौकशी होती. स्थळाची."

म्हातारीनं तांब्या परत ओढून घेतला. "माघारी जावा. तिला पोराचं स्थळ नको. त्याच्यापायीच बापानं घराबाहेर काढली तिला. दिवाळीला आलती बिचारी, तर दार उघडलं न्हाई. माझ्या ओट्यावर बसून जेवून गेली."

"पोराचं स्थळ न्हाई," वैजीनाथ म्हणाला. "पोरगी हाय. माझीच."

म्हातारीनं डोळे बारीक केले. जन्मभर त्यानं लोकांकडं जसं बघितलं, अगदी तसंच ती त्याच्याकडं बघायला लागली. "तुमाला कोन धाडलं? इलेक्शनवाले का? का तिच्या बापानं?"

"कुनी न्हाई. ती माझ्या घरी हाय सध्या."

"घरी? मग जेवू घालता का नुसतीच ठिवली? बायको कशी हाय तुमची? तोंडाळ हाय का? तुमी पिता का? पोरीबाळीवर हात टाकता का?"

वैजीनाथ शाळेतल्या पोरासारखा एकेकाचं उत्तर देत गेला. शेवटी म्हातारीनं तांब्या पुढं केला, आणि मग पोरीचं लहानपणापासूनचं सगळं सांगितलं. सांगताना दोनदा पदर डोळ्याला लावला.

तो पेडगावात परतला तेव्हा मतदान संपायला थोडाच वेळ होता. दारात परमेश्वरची जीप उभी. ओसरीवर निकिताची बॅग भरलेली, शेजारी प्रियदर्शनी मान खाली घालून. सुमनबाई नुसती उंबऱ्याला धरून उभी होती. आबा लाजेनं तोंड लपवायला गेले असंच निकितानं धरलं होतं. त्याला बघून तिनं बॅगेचा बंद उचलला.

वैजीनाथ ओसरीवर चढला. बसला नाही. दस्तीनं तोंड पुसलं आणि लोकांच्या ओसरीवर उभा राहून सांगायचा तसं सांगायला लागला.

"सेलूला जाऊन आलो. पोरगी चांगली हाय. पिणं न्हाई, उसनवारी न्हाई. दहावीला तालुक्यात नाव काढलं. बोलनं गोड, ते खरंच गोड हाय, मतलबाचं न्हाई. शेजारी रडतेत तिच्यासाठी, त्याच्याहून मोठी खात्री नसती."

निकिताच्या हातातून बॅग सुटली.

"काका, तुमी चौकशी करून आलाव?" परमेश्वर खेकसला. "जात तरी विचारली का?"

"ते विचारायचं ध्यानातच राहिलं न्हाई बग." वैजीनाथ स्वतःच चकित झाला. चौकशा करायला लागल्यापासून हे पहिल्यांदा राहिलं होतं. "अन् मागल्या दारानं कुनी जायचं न्हाई. आमी चौघं पुढल्या दारानं येतो, चालत. तिचं मत न्हाई, ती शाळेबाहेर उभी ऱ्हाईल. गावाला बगायचं ते बगू दे."

"माझं पॅनल पडंल काका! मत तरी शिट्टीलाच देताव न्हवं?"

"शाळेपातुर चौकशी करतो, मग सांगतो."

परमेश्वर जीपचं दार आपटून निघून गेला. निकिता बापाकडं बघत होती. ही चौकशी कशी संपते हे तिला लहानपणापासून पाठ होतं.

"अन् खोट, आबा?" तिनं हळूच विचारलं.

"खोट हाय की. एक हाय." वैजीनाथनं प्रियदर्शनीकडं बघितलं, मग सुमनबाईकडं. "पोरीला माहेर न्हाई."

सुमनबाई उंबरा सोडून पुढं आली आणि बॅग उचलून आत घेऊन गेली.