एका फ्रेंच वाक्याचे एकवीस दिवस

माझ्या हातून झालेला एक गाढवपणा सांगतो, पण हसायचं नाही. बरं, हसा. सगळा कसबा बावडा हसून झालाय, तुम्हीच काय पाप केलंय?

चौतीस वर्षं मी कॉलेजात फ्रेंच शिकवलं. कोल्हापुरात, फ्रेंच! पोरं यायची, कारण मार्क बरे पडायचे. रिटायर झालो, इथं बावड्यात तिसऱ्या मजल्यावर हा फ्लॅट घेतला आणि वर्षभरात आमची मंदा गेली. मुलगा कॅनडात. रविवारी फोन करतो. "बाबा, जेवलात का?" मी म्हणतो, "जेवलो." संपला रविवार.

बेल वाजवायचा तो एकटा दूधवाला. एकदा त्याला दारात थांबवून मी अर्धा तास पाऊसपाण्यावर बोललो, तर दुसऱ्या दिवसापासून गड्यानं बेल वाजवणंच बंद केलं! पिशवी कडीला अडकवतो आणि पसार. एकटेपणा फार वाईट हो. कुकरनं शिट्टी दिली की मी "आलो, आलो" म्हणायला लागलो होतो, आता बोला!

अशात एका सकाळी बेल वाजली. दारात तिशीतला एक दांडगा गडी, काखेत जाडजूड वही.

"फ्रेंचचं माने सर तुम्हीच न्हवं? मी रणजित. चौकात फ्लेक्सचं दुकान हाय माझं. एक वाक्य मराठीत करून पायजे."

प्रकरण असं होतं. बावड्यात चौगुले सर म्हणून ड्रॉइंगचे जुने मास्तर आहेत. शाळेतून निवृत्त झाले, तरी दर रविवारी घरच्या पडवीत पोरांना फुकट चित्रकला शिकवतात. रणजित त्यांचाच चेला. मागं एक फ्रेंच बाई कोल्हापुरात महिनाभर होत्या. त्या दर रविवारी वर्गात येऊन बसायच्या. जाताना सरांच्या अभिप्राय वहीत त्यांनी फ्रेंचमध्ये एक वाक्य लिहिलं. आता सरांची पंचाहत्तरी, मोठा सत्कार, आणि ते वाक्य मानपत्रात घालायचं होतं.

"मोबाईलला विचारलं न्हाईस का रे?"

"इचारलं की! त्यो म्हनतोय, सर गरजंच्या वक्ताला हात काढून घेतात. आता असं मानपत्रात छापलं तर सरांच्या घरच्या काकू आम्हाला उंबऱ्यात तरी घेतील व्हय?"

मी वाक्य वाचलं. बाई हुशार हो! चित्र काढणाऱ्याच्या हाताला सर आधार देतात, आणि तो आधार लागेनासा होणार, त्याच्या अगदी क्षणभर आधी आपला हात बाजूला घेतात, असं त्यांना म्हणायचं होतं. फ्रेंचमध्ये ते दहा-बारा शब्दांत बसलेलं. आपल्याकडं गुरूनं डोक्यावर हात ठेवला याचं कौतुक. हात काढला याचं कौतुक कसं करणार? पण चौतीस वर्षं काय गोट्या खेळलो का? पाच मिनिटांत माझ्या कच्च्या वहीत पेन्सिलीनं लिहिलं, "हात नेमका कधी काढून घ्यायचा, ते सरांना कळतं." वही टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला आत गेलो.

चहा घेऊन आलो. रणजित एका घोटात कप रिकामा करून म्हणाला, "झालं असंल तर निघतो सर."

निघतो! हे पोरगं आता जिना उतरणार आणि मी परत कुकरशी बोलणार. मी पटकन वही मिटली.

"छे छे! भलतंच अवघड आहे रे. उद्या ये."

आला की दुसऱ्या दिवशी! म्हटलं, क्रियापद अडलंय. तिसऱ्या दिवशी म्हटलं, 'क्षणभर आधी' म्हणजे किती आधी, याचा विचार चाललाय. चौथ्या दिवशी तो जयसिंगपूरचा भडंग घेऊन आला. मग मी पॅरिसच्या गोष्टी सुरू केल्या. मी पॅरिसला गेलेलो नाही. पुण्याच्या पुढं कुठं गेलेलो नाही! पण दीड तास सांगितलं आणि तो "व्हय? आयला!" करत ऐकत राहिला. मंदा गेल्यावर पहिल्यांदा मी दोन कप घासत होतो, आणि घासताना गुणगुणत होतो.

दहाव्या दिवशी कारणं संपली. मग म्हटलं, "सरांचं शिकवणं डोळ्यांनी बघितल्याशिवाय अनुवाद होणे नाही."

रविवारी गेलो पडवीत. चाळीस पोरं. चौगुले सर किडकिडीत, कमी बोलणारे. त्यांनी मला कागद दिला, समोर तांब्या ठेवला. "काढा." मी काढलेला तांब्या बघून शेजारची चिमुरडी म्हणाली, "आजोबा, हे वांगं हाय?"

सर माझ्या मागं येऊन उभे राहिले. माझं मनगट धरलं. हाताला हात लावून रेघ वर नेली, काठ वळवला. खरं सांगतो, कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझा हात धरला होता. डोळ्यांत पाणीच आलं. आणि तेवढ्यात सरांनी हात काढला आणि निघाले पुढं.

"ओ सर! जाऊ नका!" मी ओरडलो. चाळीस पोरं खो खो हसली. सरांनी वळून माझ्याकडं जरा वेळ बघितलं.

इकडं रणजितनं गावभर केलं होतं की वाक्य इतकं खोल आहे, की प्रोफेसर पंधरा दिवस पाण्यात उतरलेत, अजून तळ लागेना. एके दिवशी चौकात जातो तर काय! सरांच्या फोटोशेजारी माझा फोटो, डोक्यामागं किरणं, खाली 'प्रमुख आकर्षण : फ्रेंच पंडित प्रा. माने उलगडणार वाक्याचे रहस्य'. फोटो कधी काढला होता? मी साखरेचा डबा काढायला स्टुलावर चढलो होतो तेव्हा! एका हातात डबाही दिसत होता.

आता पाच मिनिटांचं वाक्य घेऊन स्टेजवर कसा जाणार? लोक म्हणतील, एवढ्यासाठी एकवीस दिवस? मग मी बसून ते भरजरी केलं. शब्दकोश काढले, चार पानांची प्रस्तावना लिहिली.

सत्काराला हॉल खच्चून भरलेला. मी नजर भाषणाच्या कागदात घालून स्टेजवर चढलो, माईक धरला आणि सुटलो. क्रियापद, पॅरिस, माझी तपश्चर्या! वीस मिनिटं! लोक गालात हसत होते. मला वाटलं, रंगलंय भाषण. शेवटी आवाज चढवून वाचलं, "शिष्याच्या आत्मनिर्भरतेच्या उंबरठ्यावर आधारहस्ताचे अलगद विसर्जन करणारे कलामहर्षी!"

पहिल्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "म्हंजी वो काय? त्यापरास तुमच्या मागं लिवलंय ते बरं हाय की!"

मी वळलो. मागं दहा फुटी फ्लेक्स. हातभर अक्षरांत, 'हात नेमका कधी काढून घ्यायचा, ते सरांना कळतं.' खाली 'अनुवाद : प्रा. माने.' सकाळपासून अख्ख्या गावानं ते वाचलेलं! हॉल असा फुटला म्हणता! चौगुले सरसुद्धा उपरण्यात तोंड घालून हसत होते.

रणजितनं मोटरसायकलवरून घरी सोडलं. गेटपाशी मी त्याला धरलाच. "कुठून मिळालं रे तुला ते वाक्य?"

"पयल्याच दिवशी सर. तुम्ही चहा टाकाय आत गेलतासा, वही उघडीच हुती. फोटो मारला."

"मग गाढवा, एकवीस दिवस येत कशाला होतास?"

तो मान खाजवत म्हणाला, "मी न्हवतो येनार. पर तुम्ही एकटं ऱ्हाता ह्ये सरांना सांगितलं, तर म्हनले, काम झालंय म्हनू नको, रोज जात जा. त्यांचा हात सोडायची येळ अजून झाली न्हाय."

मी हळूच विचारलं, "आणि आता?"

"आता काय? आज तुम्ही यवड्या लोकांत वीस मिन्टं बोललासा न्हवं? सर म्हनले, झालं, आता त्यांचं त्यांना जमंल." गाडीला किक मारली आणि गेला.

आज सहा दिवस झाले, रणजित फिरकलेला नाही. चौगुले सर थोर माणूस, पाऊणशे वर्षांत त्यांचा अंदाज कधी चुकला नसेल. माझ्या बाबतीत चुकला. मला काही जमलेलं नाही. नाहीतर खाली पार्किंगमध्ये तुमची गाडी अडवून, "एक गंमत सांगतो, वर चला," म्हणत तुम्हाला तीन मजले चढवलं असतं का?

अहो, उठलात कुठं? दुसरा चहा टाकलाय. आणि घड्याळ बघू नका हो. किस्सा पाच मिनिटांचाच आहे, ते मलाही माहीत आहे.