गच्चीवरची तालीम

त्या उन्हाळ्यातलं काहीही आठवलं की मला आधी पांढरं दिसतं. गच्चीवर अंथरलेली जुनी धोतरं, त्यांवर ओळीनं घातलेल्या ओल्या कुरडया, आणि सगळ्यांवर पसरलेलं सकाळचं कोवळं ऊन. इंदिरानगर तेव्हा नावालाच नगर होतं. चार घरं, पुढं मोकळं माळरान, बाभळी, आणि लांब पांडवलेणीचा डोंगर. वारा आला की धोतरांचे कोपरे उचलले जायचे आणि वाटायचं, ही गच्ची, हे घर, तो डोंगर, सगळंच जमिनीपासून वीतभर सुटलंय. मी स्वतःही त्या दिवसांत तशीच सुटलेली होते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं मला द्राक्षावरच्या भुरी रोगाचा अभ्यास करायला बोलावलं होतं. चार वर्षं, शिष्यवृत्तीसकट. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि नाशिकच्या बाहेर फार तर माहेरी जात होते, त्यामुळे ते पत्र आपलंच आहे यावर माझा कितीतरी दिवस विश्वास बसला नव्हता.

घरात आम्ही पाच मोठी माणसं. थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, शिकत असलेला धाकटा दीर, मी, आणि दर शनिवारी कळवणहून येणारा माझा नवरा. त्याची सरकारी नोकरी तिकडे होती. आणि माझी मुलगी, नऊ वर्षांची, नुकतीच चौथी पास झालेली. ती मला 'वहिनी' म्हणायची. धाकटा दीर दिवसभर वहिनी, वहिनी करत घरभर फिरायचा, त्याचं ऐकून तीही तेच शिकली. जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. मी सकाळी सातला कॉलेज गाठायचे तेव्हा तान्ही पोर त्यांच्याच मांडीवर असायची. त्यांना 'मोठी आई' म्हणायला शिकवलं होतं, पण बोबड्या तोंडाला दोन शब्द जड झाले आणि त्यातला पहिला गळून पडला. राहिली ती नुसती आई. आमच्यासारख्या घरांत याचं कुणाला काही वाटत नाही. माझा नवराही स्वतःच्या आईला काकी म्हणतच मोठा झाला होता. मला मात्र वाटायचं. संध्याकाळी मी दमून आले की पोर दारात यायची आणि आत तोंड करून सांगायची, "आई, वहिनी आली." तेव्हा चपला काढायला मला जरा जास्तच वेळ लागायचा.

कोपऱ्यावरच्या बंगल्यात एक निवृत्त गृहस्थ राहायचे. त्यांचा भाचा अमेरिकेत होता, म्हणून परदेश या विषयात आमच्या कॉलनीत त्यांचा शब्द शेवटचा. ते एकदा चहाला आले आणि त्यांनी पहिला सल्ला दिला की मुलीला नेऊच नका. मूल इथं ठेवलं की बाई परत येणार याची व्हिसा देणाऱ्या साहेबाला खात्री पटते. मी म्हटलं, ती येणार नसेल तर मीही जाणार नाही. हे मी इतक्या झटकन बोलले की माझं मलाच नवल वाटलं. मी परत येईन तेव्हा ती तेरा वर्षांची असेल आणि मी तिची वहिनीच असेन, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. लोक भावाबहिणींची मुलं आपली म्हणून घेऊन जातात, म्हणून साहेब मोठ्यांना विचारतच नाही. तो मुलाला विचारतो, ही तुझी कोण. मूल चाचरलं की संपलं, मुलालाही व्हिसा नाही आणि बाईलाही नाही. "तुमची मुलगी काय सांगेल?" असं त्यांनी सहज विचारलं. चहा निवून गेला.

"शिकवू की," जाऊबाई म्हणाल्या. "चौथीचे पाढे येतात, एवढं नाही का येणार?"

त्या गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. काही न करता पोर त्यांच्याकडेच राहिली असती. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनाही कळलेलं दिसत होतं. पण त्या कपबशा उचलून आत निघून गेल्या.

तालीम गच्चीवर सुरू झाली, कारण त्या दिवसांत आम्ही सगळे सकाळी गच्चीवरच असायचो. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास जिन्यातून वर येत असायचा. जाऊबाई पहाटे उठून चीक शिजवायच्या आणि उन्हं चढायच्या आत सोऱ्यानं कुरडया घालायच्या. मी धोतरं ताणून धरायचे. धाकटा दीर उपड्या बादलीवर बसायचा, डोळ्यांना गॉगल, हातात झारा, आणि नाकातून मराठी बोलायचा; त्याच्या मते साहेब असाच बोलतो. माझ्याकडे झारा रोखून तो विचारायचा, ही बाई कोण. पोर हसत सुटायची. हसू आवरलं की म्हणायची, वहिनी.

"परत," जाऊबाई मान वर न करता म्हणायच्या.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी तिनं मला आई म्हटलं. धडा वाचून दाखवावा तसं, एका सुरात, डोंगराकडे बघत. तरी माझ्या हातातलं धोतर सैल पडलं आणि दोन कुरडया एकमेकींना चिकटल्या. जाऊबाईंनी वाटीत गरम चीक घेतला, वर साखर घातली, आणि पोरीला बक्षीस म्हणून दिला. मग विचारलं, "आता सांग, मी कोण?"

"आई," ती चीक खाता खाता म्हणाली.

"नाही. मी काकू."

पोरीचा चमचा थांबला. "खोटं खोटं?"

"खरं खरं म्हणायचं. साहेबाला खोटं लगेच कळतं."

त्यानंतर ती घरभर घोकत फिरायची. तुळशीला सांगायची, कावळ्यांना सांगायची, वाळत्या कुरडयांच्या रांगेपुढे उभी राहून त्यांना सांगायची. दुपारी पडदे ओढलेल्या खोलीत मी आडवी व्हायचे, बाहेर रणरणतं ऊन, आणि ते दोन शब्द कुठून तरी हळूहळू येत राहायचे. एकदा असाच डोळा लागत होता आणि ती माझ्या उशाशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "आई." सवयीनं मी काही बोललेच नाही. स्वयंपाकघरातून जाऊबाईंनी ओ दिली. मग त्यांच्याही लक्षात आलं. भांड्यांचा आवाज थांबला आणि नळाचे थेंब ऐकू येऊ लागले.

मुलाखतीला मी आणि पोर मुंबईला गेलो. वकिलातीतलं मला फार थोडं आठवतं. गारवा, पायाखाली मऊ जाजम, आणि गुलाबी कानांचा एक तरुण साहेब. त्याच्या शेजारी मराठी बोलणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. साहेबानं मला द्राक्षांबद्दल विचारलं, परत येऊन काय करणार ते विचारलं. मग तो मुलीकडे बघून हसला आणि काहीतरी बोलला. बाईंनी मराठीत विचारलं, कितवीत आहेस बाळा.

पोर शाळेतल्यासारखी ताठ उभी राहिली, हात मांड्यांना चिकटवले आणि म्हणाली, "ही माझी आई आहे. घरी असते ती माझी काकू आहे."

त्या बाईंना हसू आलं. त्यांनी साहेबाला सांगितलं, तोही हसला. एवढंच. भुवई वर नाही, शंका नाही. ज्या प्रश्नाला भिऊन आम्ही महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं, तो कुणी विचारलाच नाही. दुपारी पासपोर्ट हातात आले, दोन्हींवर व्हिसाचा शिक्का होता. रस्त्यावर येऊन मी पोरीला उचलून घेतलं, नऊ वर्षांच्या घोडीला, भर गर्दीत. न विचारता, आपण होऊन, अख्ख्या अमेरिकेसमोर तिनं मला आई म्हटलं होतं. मी इतकी खूश होते की परतीच्या गाडीत मी कसारा घाट बघितलाच नाही, तिच्याकडेच बघत बसले.

दारात जाऊबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. पोर पळत गेली. "काकू, व्हिसा मिळाला."

"मिळाला ना," त्या म्हणाल्या आणि तुकडा ओवाळून टाकला.

दुसऱ्या दिवशीही काकूच. तिसऱ्या दिवशी दीरानं गॉगल लावून जाहीर केलं की तालीम संपली, आता सगळ्यांनी आपापल्या जागी जावं. पोर हसली नाही. मी तिला बाजूला घेऊन विचारलं तर ती माझ्या कानात म्हणाली, चुकून काकूला आई म्हटलं आणि साहेबाला कळलं तर तो शिक्का पुसून टाकेल, मग तुला एकटीलाच जावं लागेल. मी परोपरीनं समजावलं. तिनं ऐकून घेतलं, पण पटलं नाही. साहेबाला खोटं लगेच कळतं, हे आम्हीच तर तिला शिकवलं होतं.

"राहू दे," जाऊबाई म्हणाल्या. "लहान आहे."

जून गेला, जुलै गेला. आता दिवसभर आई, आई ऐकू यायचं ते मलाच. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते घेऊन त्या घरात वावरताना अवघडल्यासारखं व्हायचं. पोर 'काकू' अशी हाक मारायची आणि जाऊबाई भाजी निवडत बसलेल्या असायच्या. रागानं नव्हे. ही हाक आपल्याला आहे हे त्यांना खरोखरच तिसऱ्या वेळेपर्यंत कळायचं नाही. माझ्या सामानात त्यांनी कुरडयांचा डबा ठेवला. एकही मोडू नये म्हणून थरांच्या मधे स्वतःच्या मऊ झालेल्या पातळाचे तुकडे घातले होते.

निघालो त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. टॅक्सी फाटकाशी उभी होती, दीर आणि नवरा सामान चढवत होते, ते दोघं मुंबईपर्यंत येणार होते. जाऊबाईंनी येणार नाही म्हणून आधीच सांगून टाकलं होतं. त्यांनी माझ्या हातावर दही घातलं, मग पोरीच्या. तिनं ते चाटलं, वाकून नमस्कार केला आणि शहाण्यासारखी म्हणाली, "येते काकू."

जाऊबाईंनी तिला उठवलं. रस्त्याकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिचा दह्यानं चिकट झालेला हात आपल्या हातात घेऊन म्हणाल्या, "इथं आता कोणी साहेब नाही, बाळा. म्हण."

पोरीनं माझ्याकडे बघितलं.

"म्हण," मी म्हटलं.

तिनं जाऊबाईंच्या पदरात तोंड खुपसलं आणि आतूनच हाक मारली, आणि त्यांनी ओ दिली.