सभासद क्रमांक दोन

वैशाखातल्या दुपारी नागपूरचं ऊन खिडकीच्या काचांना चिकटून बसतं, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा मातकट सुगंध खोलीभर रेंगाळतो, आणि त्या एकसुरी घरघरीत माणसाला आपलाच श्वास परक्याचा वाटू लागतो. अशाच एका दुपारी, पत्नी जाऊन दीड महिना झाला असताना, माझ्या रामदासपेठेतल्या घराची घंटा वाजली. सांत्वनाला येणारी माणसं तोवर येऊन गेली होती. आम्हाला मूलबाळ नाही. दारात चपला उरल्या होत्या त्या माझ्याच.

दारात दुपट्ट्याने चेहरा गुंडाळलेली तिशीतली एक बाई उभी होती. बाजाराचं सर्वेक्षण करणाऱ्या एका संस्थेकडून ती आली होती. या संस्थेने शहरातली काही घरं निवडलेली असतात, आणि त्यांत आमचंही होतं. घरात येणाऱ्या साबणाचे, चहाचे, तेलाचे रिकामे पुडे आणि बाटल्या एका पिशवीत साठवायच्या. दर सोमवारी संस्थेची बाई येऊन त्यांची नोंद करणार. कोणतं घर कोणत्या कंपनीशी एकनिष्ठ राहिलं आणि कोणतं फितूर झालं, हे मग त्या कंपन्यांना कळतं. पूर्वीची बाई नोकरी सोडून गेली होती. ही नवी, प्रज्ञा नावाची.

तिने दुपट्ट्याच्या टोकाने घाम पुसला आणि हातातल्या पाटीसारख्या यंत्रात पाहत विचारलं, "काका, घरात सभासद दोन ना?"

"हो, दोन."

कसं निघून गेलं तोंडातून! चाळीस वर्षं जे उत्तर खरं होतं, ते जिभेला तोंडपाठ होतं. ती पुढे म्हणाली, "काकू कुठे गेल्या?" मी म्हणालो, "देवळात." पहिलं खोटं नकळत गेलं होतं; हे दुसरं मात्र मी जाणूनबुजून बोललो. कारण तिने आधीच सांगितलं होतं, की एकट्या माणसाचं घर त्यांच्या यादीत चालत नाही.

त्या दिवसापासून मी दोघांची खरेदी करू लागलो. पत्नीचा साबण पिवळ्या वेष्टनातला, चंदनाच्या वासाचा. तिचं केसांचं तेल ठरलेलं. इमारतीखालच्या दुकानातून मी ते आणायचो, वेष्टन पिशवीत टाकायचो आणि साबण तिच्या कपाटात ठेवायचो. तेल मोरीत ओतायचो, मग बाटली स्वच्छ धुऊन पिशवीत. तिची तसबीर सोमवारी सकाळी आतल्या खोलीत नेऊन ठेवायची, संध्याकाळी पुन्हा बाहेर आणायची. वेडेपणा नव्हता का हा? होता. पण सोमवारी कुणीतरी येणार, खुर्चीत बसणार, मी केलेला चहा पिणार, एवढ्या आधारावर उरलेले सहा दिवस उभे राहायचे.

त्या पावसाळ्यात पिवळ्या साबणाचा आणि निळ्या वेष्टनातल्या त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा मोठाच संग्राम पेटला. निळ्याने तिनांवर एक फुकट द्यायला सुरुवात केली. पिवळ्याने किंमत तीच ठेवून वडी गुपचूप लहान केली आणि सोबत एक कंगवा बांधला. निळ्याने दुकानदाराला नवी फळी बसवून दिली आणि नेमकी डोळ्यांच्या उंचीची जागा पटकावली. पिवळा खाली, गुडघ्यापाशी गेला. मी वाकून त्याच्याकडेच बोट दाखवायचो. दुकानदाराला सगळं ठाऊक होतं. तरी तो साबण काढून पिशवीत टाकायचा. दूरच्या कुठल्यातरी महानगरात, थंड कचेऱ्यांत बसलेली हुशार माणसं माझ्या पत्नीचं मन जिंकण्यासाठी व्यूह रचत होती, आणि ती तर केव्हाच सगळ्या बाजारांपलीकडे गेली होती! कधीकधी मला त्या माणसांचा मत्सर वाटे. तिला काय आवडेल याचा इतका विचार मी तरी कधी केला होता?

तिला तो साबण का आवडत असे, हेही मला माहीत नव्हतं. वडी लहान झाली तेव्हा ती असती, तर हातात तोलून "बघा, फसवलं मेल्यांनी" म्हणाली असती, हे नक्की. पण त्यानंतर तिने निळा आणला असता की पिवळाच? चाळीस वर्षांच्या सहवासानंतर या साध्या प्रश्नाशी मी अडत होतो, आणि दर आठवड्याला तिच्या वतीने उत्तर मात्र देत होतो.

दिवाळी उलटल्यावर एका सोमवारी प्रज्ञा आली, ती यंत्र न उघडताच बसून राहिली. चहाही तिने तसाच ठेवला.

"काका, एक गोष्ट होती. एवढ्या ऑफर आल्या, तरी काकू पिवळा सोडून नाही राहिल्या, काहून, हे ऑफिसले समजून नाही राहिलं. कंपनीच्या साहेबाले त्यांच्याशीच बोलायचं आहे, फोनवर, चेहरा पाहून. पुढच्या सोमवारी."

कूलर केव्हाच बंद झालेला. खोलीत एवढी शांतता, की चहावर साय धरल्याचाही आवाज यावा. मी म्हणालो, "प्रज्ञा, ती नाही."

"मले माहीत आहे, काका."

"केव्हापासून?"

"दुसऱ्याच महिन्यापासून. तेलाच्या बाटल्या तुम्ही धुऊन देत होते. वापरून खाली झालेली बाटली कोणी धुते का?"

मला हसू आलं. मी तिच्याच बोलीत विचारलं, "मग बोलली काहून नाहीस वं?"

ती दुपट्ट्याची कड बोटांभोवती गुंडाळत राहिली. "बाकी घरी पिशवी दारातूनच देतात काका. कोणी पाणीही विचारत नाही. इथं बसायले भेटते." मग हळूच म्हणाली, "पण आता नाही जमणार. माझी नोकरी जाईल."

तिची नोकरी! माझ्या सोमवारांच्या लोभात तिच्या पोटावर गदा येऊ शकते, हे आजवर मनाला शिवलंही नव्हतं. मी म्हणालो, "काढून टाक नाव. आत्ताच."

तिने यंत्र उघडलं. सभासद कमी करायचा, तर कारण निवडावं लागतं: लग्न, नोकरी, स्थलांतर, मृत्यू. तिचं बोट अधांतरी थांबलं. मी यंत्र तिच्या हातून घेतलं आणि शेवटच्या शब्दावर बोट टेकवलं. 'आपली खात्री आहे का?' असं त्याने विचारलं. दवाखान्यात, घाटावर, तेराव्याच्या पंगतीत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी 'होय' दाबलं.

"काकूंचं नाव काय होतं?" प्रज्ञाने विचारलं. "इथं तर फक्त क्रमांक दोनच लिहून राहते."

"सुमन," मी म्हणालो. कित्येक महिन्यांत ते नाव मी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. आतल्या खोलीतून तसबीर आणून मी तिच्या हाती दिली. तिने ती दोन्ही हातांनी धरली, पुष्कळ वेळ पाहिली, आणि थंडगार झालेला चहा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन मगच ती उठली.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. यायला कारण उरलं नव्हतं. त्या महिन्याच्या अहवालात पिवळ्या साबणाचं एक निष्ठावंत गिऱ्हाईक घटलं असेल. ते गिऱ्हाईक कुणी पळवलं, हे शोधायला कुणीतरी निळ्याच्या जाहिराती पुन्हा चाळल्या असतील.

काही दिवसांनी न्हाणीघरातला साबण संपला; सुमनच्या कपाटातल्या वड्यांना हात लावावासा वाटेना. मी खाली उतरलो आणि "एक साबण, माझ्यासाठी," म्हणालो. दुकानदाराचा हात सवयीने गुडघ्यापाशी गेला आणि मध्येच थांबला.

"काका, तुमच्यासाठी कोणता देऊ?"

संसारभर सुमनने जो आणला तो मी वापरला; चांगला की वाईट, असा विचारही कधी मनात आला नाही. दोन्ही वड्या त्याने माझ्यापुढे ठेवल्या. मी एक नाकाशी नेली, मग दुसरी. सांगता येईना. त्याने माझ्या मागच्या गिऱ्हाईकाला पुढे घेतलं, आणि मी जरा बाजूला सरकून, सदुसष्टाव्या वर्षी, मला काय आवडतं याचा विचार करू लागलो.