आठची परात

मिक्सिंगला बसण्याआधी ताई कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवायच्या. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा, आधी सुलटा, मग उलटा. आणि आमच्याकडे न बघता म्हणायच्या, "अंग कोमट हाय. चालंल आजून."

मिरजगावात हायवेला लागून माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग मी करतो. ते कापून, जोडून, गाणी लावून त्याची फिल्म करणं म्हणजे मिक्सिंग, आणि ते ताई करायच्या. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या. नवरा गेल्यावर राहुरीहून माहेरी परत आल्या, शिवणकाम करता करता माझ्याकडे अल्बम चिकटवायला येऊ लागल्या आणि तिथून पडद्यासमोर कधी जाऊन बसल्या, ते मलाही नीट सांगता येणार नाही. कापड बेतणाऱ्या हाताला चित्र बेतता आलं, एवढंच म्हणेन.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या भीतीची सगळे चेष्टा करतात. आम्ही ताईंच्या भीतीची रोज करायचो.

त्यांना मशीन अडकण्याची भीती होती. तयार झालेली फिल्म मशीनमधून बाहेर निघत असताना खोलीत कोणी मोठ्याने बोललेलं चालायचं नाही. शेजारी रसवंती आहे. ताई खिडकीतून तिकडे सांगायच्या, "भाऊ, वाईच चरक थांबवा. दिवं मिचमिचायल्यात." तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "बसा जरा. बाईंचं बाळंतपन चालू हाय."

पडद्यावर मी देवाचा फोटो लावून ठेवला होता. एके सकाळी बघतो तर पडदा काळाभोर. "तेवढीच मेमरी सुटली," ताई म्हणाल्या. पण मनाला लागलं असावं. दुसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरवरचा तोच देव कापून आणला आणि डब्याला चिकटवला. "देवा, हितं बस. हितं जागा लागत न्हाई."

मेमरी म्हणजे काय हे मला त्यांनीच समजावलं. मी म्हणायचो, हार्ड डिस्कवर एवढी जागा रिकामी आहे, मग अडतं कुठे? त्यावर त्या म्हणायच्या, "कोठीत जागा किती हाय ते नका सांगू, भाऊ. परात केवढी हाय ते सांगा. पीठ कोठीत मळत न्हाईत. आपली परात आठची."

आठची म्हणजे आठ जीबी रॅम. मिक्सिंग करताना चित्र त्या परातीत मळायचं. "साध्या लग्नाला सोळाची पायजे," त्यांचा हिशेब असा होता. "आन् तुमच्या त्या फोर-केला बत्तीसची. न्हाईतर सगळं भुईवर."

फोर-के कॅमेरा मी नुकताच घेतला होता. मांडवात कॅमेरा चारचौघांना दिसतो, डब्यातली मेमरी कुणाला दिसते? म्हणून कॅमेरा आला आणि मेमरी राहिली. ताईंनी विषय काढला की मी हसून म्हणायचो, "चालतंय की, ताई."

त्या कॅमेऱ्याने घेतलेलं पहिलंच लग्न जवळच्या वस्तीवरचं. दरसाल ऊसतोडीला जाणारं घर. शूटिंग देखणं झालं, पण आमच्या मशीनला ते पेलेना. ताईंनी उघडलं की नवरीचा हात हवेत राहायचा, अक्षता वरच्या वर थांबायच्या आणि पडदा गोठायचा. मी ते काम बाजूला ठेवलं आणि हलकी लग्नं पुढे घेतली.

नवरीचा भाऊ दर बाजारच्या दिवशी दारात येऊन उभा राहायचा. "झाली का आमच्या तायडीची फिल्म?"

"मिक्सिंग चालू हाय," मी सांगायचो. ताई मान खाली घालायच्या.

दिवाळीनंतर त्यांची टोळी निघाली. स्टुडिओसमोरून ट्रॅक्टर जाताना तो ट्रॉलीतून ओरडला, "ऱ्हाऊ द्या आता. आल्याव बघू." तो आला नाही. कारखान्याच्या वाटेवर उसाची ट्रॉली उलटली आणि तो खाली सापडला.

आमच्याकडे वर्षश्राद्धाला कीर्तन असतं. हल्ली मांडवात मोठा एलईडी पडदा उभा करतात आणि त्यावर गेलेल्या माणसाची फिल्म दाखवतात. वर्ष भरत आलं तेव्हा त्या मुलाचे वडील स्टुडिओत आले. बाकावर बसले. पाणी दिलं ते हातातच धरून ठेवलं.

"त्याची आई म्हनती, नुसतं फोटू नकोत. बोलताना दाखवा. तुमच्या शूटिंगात बोललाय त्यो. दुसरीकडं कुटंच न्हाई आमच्याकडं."

मी हो म्हणालो. ते गेल्यावर ताईंनी ते लग्न उघडलं आणि मशीनमधून आवाज आला. टक. थांबून, पुन्हा टक.

तो आवाज मला अजून सहन होत नाही. त्या दिवसापासून स्टुडिओतलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा मी काढून टाकलं आहे.

आवाज हार्ड डिस्कचा होता. कॅमेऱ्याची कार्डं पुसून आम्ही पुढच्या लग्नांना वापरली होती, त्यामुळे ते लग्न जगात त्या एकाच जुन्या डिस्कवर होतं. परात लहान पडली की मशीन उरलेलं पीठ डिस्कवर टाकतं आणि पुन्हा उचलतं. टाकतं, उचलतं. ताईंनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "आदीच म्हातारी, आन् तिलाच मळाया लावलंय. भाऊ, ही जाईल. मेमरी आना. तवर मी हात लावनार न्हाई."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मला सवड झाली. सवड झाली असं लिहितानाही लाज वाटते. सकाळीच नगर गाठलं. दुकानदाराने विचारलं, मशीन कोणत्या सालचं, आत कोणत्या जातीची पट्टी बसते? मी म्हणालो, "चांगली द्या. बत्तीसची." मेमरीच्या पट्टीला जात असते, हे माझ्या गावीही नव्हतं.

दुपारी परत येऊन डबा उघडला. पट्टी बसेना. पट्टीच्या मधली खाच आणि मशीनमधला उंचवटा जुळेना. मी अंगठ्याने दाबायला लागलो, तशी ताईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

"मोडंल. ह्या मशीनची न्हाई ती."

दुकानात फोन केला. जुन्या जातीची पट्टी पुण्याहून मागवावी लागेल, दोन-चार दिवस जातील, असं उत्तर आलं. आणि कीर्तन उद्या सकाळी.

मी खुर्चीवर बसलो. त्याच्या आईला काय सांगणार? मिक्सिंग चालू आहे?

ताईंनी डब्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "लगीन सोडून देऊ."

"म्हणजे?"

"सगळं उचलाया-मळाया गेलो तर काहीच ऱ्हानार न्हाई. त्यो दिसतो तेवढंच काढू. घासघास."

आणि त्या बसल्या. एक लहानसा तुकडा उघडायचा, तेवढाच बाहेर काढायचा, पेन ड्राइव्हवर घ्यायचा, मशीन बंद करायचं. डब्यावर हात. अंग निवलं की पुन्हा सुरू. त्या तुकड्यांत तो, वाढताना. पंगतीत भाताची बादली नाचवताना. वरातीत पोरांच्या खांद्यावर बसून. प्रत्येक तुकड्याला टक टक वाढत होती. मधेच शेजारचा चरक थांबला. त्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. रसवंतीवाला दारात येऊन उभा होता आणि चेष्टा करत नव्हता.

शेवटचा तुकडा बोलण्याचा. फेटा कलता झालेला, तो आईला हाताला धरून कॅमेऱ्यासमोर ओढतोय. ती पदराआड तोंड लपवते. तो म्हणतो, "आये, इकडं बघ की." पडद्यावर चित्र तीनदा अडलं. एकदा तर त्याचं तोंड अर्धं उघडं राहून गोठलं आणि मला बघवेना. ताई पुटपुटत होत्या, "ये बाबा. ये भाईर."

तो तुकडा निघाला. पेन ड्राइव्ह काढून ताईंनी मुठीत धरला. डिस्क एकदा घरघरली आणि गप्प झाली. पुन्हा मशीन लावलं तेव्हा ती उघडलीच नाही. अक्षता, कन्यादान, नवरीची पाठवणी, सगळं गेलं.

नवरीला हे सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. त्याच संध्याकाळी ताईच गेल्या, मी मागे उभा. वर्षश्राद्धाला माहेरी आलेली ती चुलीपाशी होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, "दादा निगाला का?"

"निगाला, बाय."

"मंग ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मांडव भरला होता. ताई लोकांत बसल्या नाहीत. एलईडी पडद्याच्या मागे पडदेवाल्याचा लॅपटॉप ठेवला होता, तिथे जाऊन त्याच्यावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. मागून चित्र दिसत नाही, फक्त आवाज येतो. कर्ण्यातून त्याचा आवाज साऱ्या वस्तीवर गेला, "आये, इकडं बघ की."

बायकांच्या बाजूने उत्तर आलं, "बघती रं बाबा. बघती."

कीर्तनकार महाराजांनी वीणा छातीशी धरली. फिल्म संपली, लोक उठले, तरी ताईंचा हात लॅपटॉपवरच होता. मी हळूच म्हणालो, "झालं, ताई." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की ते 'चालतंय की' मी त्यानंतर कधीही कुणाला म्हटलेलं नाही.

पुढे नवं मशीन घेतलं. बत्तीसचं. ताईंनी त्यावर थोडे दिवस काम केलं, मग डोळे साथ देईनात म्हणून लेकीकडे राहुरीला गेल्या. फोन करायच्या. माझी खुशाली नाही, मशीनची. "अंग कसं हाय?"

"गार हाय, ताई."

"गार हाय म्हनून इसरू नका. दोन जागी ठेवा."

गेल्या उन्हाळ्यात त्या नंबरवरून फोन आला, तेव्हा लेक बोलत होती. दशक्रियेला दाखवायला आईचं काही असेल तर बघा, म्हणाली.

मी सगळ्या डिस्का धुंडाळल्या. एवढी लग्नं ज्यांनी बेतली, त्या एकाही चित्रात नाहीत. कॅमेरा वळला की त्या बाजूला सरकायच्या. शेवटी एका पेन ड्राइव्हवर एक छोटा तुकडा सापडला. फोर-के कॅमेरा आला त्या दिवशी मी गंमत म्हणून स्टुडिओतच चालवून पाहिला होता. त्यात काळा डबा, चिकटवलेला देव, आणि साध्या बांगडीतला एक तळहात. "अंग कोमट हाय. पन भाऊ, ह्या कॅमेऱ्याला आठची परात पुरायची न्हाई." त्यावर कॅमेऱ्यामागून माझंच हसणं येतं, "चालतंय की, ताई."

नव्या मशीनवर तो तुकडा कुठेच अडत नाही. हात येतो, दिसतो, निघून जातो. जुनं मशीन असतं तर तिथेच थबकलं असतं. मी पुन्हा लावतो. लावताना कान टक ऐकायला ताठ होतात, आणि माझा तळहात डब्यावर गेलेला असतो. डबा गार असतो.