रविवारचा नाच

फिजीचं नाव निघालं की भाई भिंतीवरच्या नकाशाजवळ जात आणि त्या बेटांवर नखाने खरवडत. "ह्याला कंट्री बोलतात? मला तर माशीची घाण वाटते." गिऱ्हाईक हसे. मग त्याच बेटांचं सहा रात्रींचं पॅकेज भाई त्याच्या गळ्यात मारत.

इथे आखातात, करामातल्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात भाई मॅनेजर, मी त्यांच्या हाताखाली. भाई मूळचे रत्नागिरीकडच्या समुद्रकाठच्या गावचे. फिजीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण तिथल्या माणसांबद्दल सगळं ठाऊक. "आळशी लोक, बेटा. नारळ पडेल तेव्हा उठतील." असा जाणकार तुमच्याही ऑफिसात एखादा असेलच. विकायचंही तेच आणि थुंकायचंही त्यावरच.

एक गोष्ट मात्र मानायला हवी. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली की शटर खाली. एकदा मरीनाच्या श्रीमंत वस्तीतून आलेलं बडं कुटुंब जिन्यात ताटकळलं. भाई म्हणाले, "नमाज के बाद, हबीबी. आत्ता खलास." आणि निघून गेले. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला होता.

मग हमरियातल्या एका कंपनीचा चाळीस जणांचा ग्रुप आला. त्यांना फिजीतल्या एका गावात नाच आणि जेवण हवं होतं, तेही रविवारीच. त्या गावच्या एका बाईंनी आमच्या भरवशावर पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या होत्या. फोनवर त्या शांतपणे म्हणाल्या, "रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असतं. ढोल वाजत नाही. सोमवारी या, पोटभर जेवू घालू."

भाईंनी फोन आपटला. "नखरे बघ! सुट्टीच आहे ना, मग नाचायला काय जातं? यल्ला, मेल लिही. यापुढे आमचा एकही ग्रुप तुमच्याकडे..."

तेवढ्यात मागच्या मशिदीतून अजान ऐकू आली. शुक्रवार होता. भाई वाक्य अर्धवट टाकून उठले. "बाकीचं नमाजनंतर."

ते अर्धं वाक्य तासभर माझ्यासमोर स्क्रीनवर होतं. मी त्यांना सांगू शकले असते की भाई, तुमचा शुक्रवार तसा त्यांचा रविवार. पण भाई परत आले, वाक्य पुरं केलं, आणि मी निमूटपणे मेल पाठवला. त्या गावाचं नाव नंबरासकट यादीतून काढलं. मला त्यांची किळस आली, आणि माझीही.

गेल्या वर्षी भाई रिटायर होऊन गावी गेले. समुद्रासमोरच्या घरात त्यांनी होमस्टे काढलाय. परवा त्यांचा मेसेज आला. "बेटा, एखादा ग्रुप पाठव ना, रूम सगळे खाली पडलेत. फक्त शुक्रवारी दुपारी नको. जुम्म्याला आम्ही सगळे मशिदीत असतो."

मी तो दोनदा वाचला. नकाशावर फिजीच्या जागी त्यांच्या नखाने पांढरा डाग पडलाय, तो समोरच दिसत होता. "नखरे बघा," असं मी रागाने टाइप केलं आणि पुसलं. "सोमवारी पाठवते, भाई," असं लिहिलं.

मग फिजीतल्या त्या बाईंचा नंबर शोधायला यादी उघडली. नंबर कुठून मिळणार? तो मीच काढून टाकला होता.